पोपचा आशीर्वाद, कुरिअरने

वसईत एखाद्या जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं व्हायला आली की घाम त्या जोडप्याला फुटत नाही. त्यांना काय, नवे कपडे घालून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं असतं. केक मुलगा ठरवतो, हॉल जावई बघतो, ब्रास बँडवाल्याशी घासाघीस करायला एक काका राखीव असतात. घाम फुटतो तो घराण्यातल्या एका माणसाला, ज्याच्याविषयी सर्वांचं एकमत असतं की ‘त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’. जेवणातलं इंद्याल किती किलोचं, फुगे कुणाकडून तळून घ्यायचे, हे सगळं मिटलं की एखादी आत्या पदराला हात पुसत विचारते, “आणि पोपच्या आशीर्वादाचं काय?” मग सगळ्या माना एका दिशेला वळतात. आमच्या घराण्यात त्या दिशेला मी बसलेला असतो.

ज्यांच्या घरी ही वस्तू नाही त्यांना ती काय असते हे सांगायला हवं. जाडसर, सायीच्या रंगाचा एक कागद. त्याला चर्मपत्र म्हणायची पद्धत आहे, पण त्यासाठी हल्ली कुठल्याही बकऱ्याला प्राण द्यावे लागत नाहीत. वर पोपमहोदयांचं चित्र, भोवती वेलबुट्टी, मध्ये वळणदार अक्षरात तुमची नावं आणि प्रसंग. मजकुराचा सारांश असा की, परमगुरू अमुक-तमुक यांना त्यांच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रेमपूर्वक प्रेषितीय आशीर्वाद देत आहेत आणि पवित्र मरियेच्या मध्यस्थीने त्यांच्यावर देवाच्या कृपेचा वर्षाव होवो अशी प्रार्थना करत आहेत. खाली तारीख, कागदावर उठवलेला ठसा आणि एक सही. हे सगळं काचेच्या चौकटीत घालून ओटीवर टांगायचं. जागाही ठरलेली: येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिचा लाल दिवा यांच्या शेजारी, लग्नाच्या काळ्या-पांढऱ्या फोटोच्या वर, बँकेच्या कॅलेंडरपासून सुरक्षित अंतरावर.

त्या सहीकडे आमच्याकडे कुणी फार बारकाईने पाहत नाही, आणि ते बरंच आहे. कारण ती पोपची नसते.

ती असते पोपच्या दानाधिकाऱ्याची. व्हॅटिकनमध्ये हे पद शतकानुशतकं चालत आलेलं आहे. पोपच्या वतीने गोरगरिबांना मदत करणं हे त्याचं मुख्य काम. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोप तेरावे लिओ यांनी या कचेरीला आणखी एक काम जोडून दिलं. पोपच्या नावाने, चर्मपत्रावर, आशीर्वाद देण्याचा अधिकार तिच्याकडे सोपवला. म्हणजे तुमचा अर्ज पोपच्या टेबलावर जात नाही. तो सेंट ॲनच्या दरवाजातून आत गेल्यावर लागणाऱ्या एका कचेरीत जातो. तिथे कारकून आहेत, सुंदर अक्षर काढणारी माणसं आहेत, पाकिटं आहेत, आणि दुपारी बंद होणारी खिडकी आहे. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला तिथे अगदी घरच्यासारखं वाटावं.

मोठ्या काकांच्या डोळ्यांसमोरचं चित्र मात्र वेगळं आहे. त्यांच्या कल्पनेत पोप सकाळी कॉफी घेता घेता एकेक अर्ज उचलतात, चष्मा सरळ करतात, “हे वसईचे परेरा कोण बरं?” असं सेक्रेटरीला विचारतात, आणि मग क्षणभर डोळे मिटून हात वर करतात. हे चित्र खोडायचं धाडस आमच्यात कुणीच करत नाही. मला तर दाट शंका आहे की काकांनाही खरं माहीत आहे. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ‘साहेबांच्या वतीने’ म्हणजे काय हे न कळायला ते काही लहान नाहीत. पण चौकट बघायला आलेल्या पाहुण्यासमोर “पोपने स्वतः दिलाय” हे वाक्य ज्या ठसक्यात म्हणता येतं, त्या ठसक्यात “पोपच्या धर्मादाय विभागाने पाठवलाय” हे म्हणता येत नाही.

आमच्या आजोबांच्या काळातली चौकट याहून जबरदस्त होती. तिच्यात पोप बारावे पायस यांचा लंबगोल फोटो होता, चेहरा कृश आणि नजर अशी की समोर उभं राहून खोटं बोलायची प्राज्ञा नाही. त्या काळच्या पत्रात नुसता आशीर्वाद नसे. अर्जदार परमपित्याच्या पायांशी नम्रपणे लोटांगण घालून मागणी करतो आहे, असा थाट असे, आणि मागणी असे मरणाच्या घटकेला मिळणाऱ्या संपूर्ण दंडमाफीची. त्यातही एक कलम ठेवलेलं असे: शेवटच्या क्षणी पापनिवेदन करणं किंवा ख्रिस्तशरीर घेणं जमलं नाही, तरी पश्चात्तापी मनाने येशूचं नाव घेतलं तर चालेल. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती चौकट आयुर्विम्याची पॉलिसीच वाटली, फरक इतकाच की हिचा लाभ वारसांना न मिळता थेट मयताला मिळायचा. आजोबा पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं की आधी ती चौकट हलवत, मग भाताची पोती.

आता अर्ज ऑनलाइन होतो. व्हॅटिकनची स्वतःची वेबसाइट आहे, तिच्यावर प्रसंगाची निवड करायची, नमुना निवडायचा, नावं भरायची, पैसे द्यायचे. वाचायला सोपं वाटतं. पण हा अर्ज मी आत्या, काका, काकू आणि उत्सवमूर्ती अशा सगळ्यांच्या देखत भरतो, आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवायला त्या प्रत्येकाकडे निदान एक बोट असतंच.

पहिला वाद भाषेचा. पत्र कुठल्या भाषेत हवं ते निवडता येतं. इटालियन, इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज वगैरे. मराठी नाही. मला वाटलं, इंग्रजी हे उघड उत्तर आहे. पण काकांनी ‘पोर्तुगीज’ वाचलं आणि त्यांचा आवाज बदलला. “ती आपली.” आपली? चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हापासून आमच्या घराण्यात पोर्तुगीजचं एक वाक्य कुणी बोललेलं ऐकिवात नाही. आम्ही घरी जे बोलतो ते ऐकून पुण्याचा माणूससुद्धा दोनदा “काय म्हणालात?” विचारतो, पण ती मराठीच आहे. आडनाव, दोन-चार पदार्थ आणि किल्ल्याच्या भिंती एवढाच पोर्तुगिजांचा हिशेब उरलाय. तरीही काका अडून बसले. शेवटी काकूंनी विचारलं, “वाचणार कोण?” आणि इंग्रजी ठरलं. आता इंग्रजी वाचणारं कोण, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही.

दुसरा वाद नावाचा, आणि हा जास्त खोल आहे. आमच्याकडे साठ-सत्तर वर्षांपूर्वी जन्मलेल्या माणसाला एकच नाव असणं दुर्मीळ. बाप्तिस्म्याच्या वहीत जुआंव, शाळेच्या दाखल्यावर जॉन, आधार कार्डावर बोट घसरून जोहन, आणि वाडीत जान्या. पोपने यातल्या कुणाला आशीर्वाद द्यायचा? व्हॅटिकनला अर्थातच चर्चमध्ये झालेल्या विवाहाची नोंद प्रमाण. पण कुरिअरवाला विवाहाची वही मागत नाही, तो आधार कार्ड मागतो. म्हणजे आशीर्वाद जुआंवला आणि पार्सल जोहनला. हा तिढा आम्ही असा सोडवला की पार्सल माझ्या नावावर मागवायचं. त्यामुळे घराण्यातल्या निम्म्या लोकांचे आशीर्वाद कायदेशीरदृष्ट्या माझ्या ताब्यात येऊन गेलेले आहेत.

तिसरा मुद्दा प्रसंगाचा. यादी ठरलेली आहे. बाप्तिस्मा, पहिला कम्युनियन, दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, व्रतस्थ जीवनाची शपथ. लग्नाचे वर्धापनदिनही चालतात, पण ठरावीकच: 10, 25, 50 असे भरीव आकडे. लग्नाला 27 वर्षं एकमेकांना सहन केलं याचं रोमला काही विशेष वाटत नाही. वाढदिवसांची यादी मला फार आवडते. ती 18 पासून सुरू होते आणि मग थेट 50 वर उडी मारते. मधल्या बत्तीस वर्षांत माणसाच्या वाढदिवसाला खास आशीर्वादाची गरज नसते, असं त्या यादीचं म्हणणं दिसतं. माझ्या मते नेमकी त्याच बत्तीस वर्षांत असते. गृहकर्ज, मुलांच्या शाळेचे प्रवेश, विरार लोकल, सगळं त्यातच येतं. पण पन्नाशीनंतर यादी एकदम उदार होते आणि शंभरीपर्यंत ठरावीक टप्प्यांनी तुमच्या सोबत चालते. शंभरीला कागद मागवणारा माणूस स्वतः कागद वाचू शकत असेल तर त्याला आणखी कुठल्या आशीर्वादाची गरज आहे, कोण जाणे.

काही प्रसंग नसतानाही, नुसता एखाद्या व्यक्तीला किंवा कुटुंबाला आशीर्वाद मागवता येतो. पण मग चर्चच्या अधिकाऱ्याचा ना हरकत दाखला लागतो. होय, ना हरकत दाखला! इमारतीत गाळा विकायला लागतो, पासपोर्टला लागतो, लाउडस्पीकरला लागतो, आणि आशीर्वादालाही लागतो. आमच्या एका नातेवाइकांना एकदा असा कोरा आशीर्वाद घ्यायची हुक्की आली. ते धर्मग्रामाच्या कचेरीत गेले. प्रमुख धर्मगुरूंनी अर्ज वाचला, मग त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा अर्जाकडे पाहिलं आणि अत्यंत मायेने विचारलं, “अंकल, रविवारी कुठल्या मिस्सेला असता तुम्ही? मला दिसत नाही.” पुढचे कित्येक रविवार हे गृहस्थ सकाळच्या मिस्सेला पहिल्या रांगेत, खोकून स्वतःची हजेरी लावत बसलेले होते. रोमचा आशीर्वाद पोचायच्या आधीच कामाला लागल्याचं हे एकमेव उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

मग पैशांचा प्रश्न येतो. इथे आत्याबाई वर्षानुवर्षं एकच शंका काढतात: “आशीर्वादाला पैसे घेतात?” घेत नाहीत. आशीर्वाद फुकट आहे, हे व्हॅटिकन पुन्हा पुन्हा सांगतं. पैसे कागदाचे, त्यावरच्या अक्षरांचे आणि पाठवण्याचे. वर जे उरतं ते गरिबांसाठी जातं. ही बाब इतकी स्पष्ट करून सांगायला लागते याला कारण इतिहास आहे, आणि त्या इतिहासातही एक लिओच आहेत. दहावे लिओ पोप असताना रोममध्ये सेंट पीटरचं नवं चर्च उभं राहत होतं आणि पैसा पुरत नव्हता. तेव्हा जर्मनीत योहान टेट्झेल नावाचा धर्मबंधू पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं पैसे घेऊन वाटत गावोगाव फिरला. त्यातला निम्मा पैसा चर्चच्या बांधकामाला आणि निम्मा माइन्झच्या आर्चबिशपांनी फुगर सावकारांकडून काढलेलं कर्ज फेडायला, अशी विभागणी होती. मार्टिन ल्यूथर यांनी 1517 साली जे 95 मुद्दे मांडले त्यांची ठिणगी इथे पडली आणि अर्धा युरोप हातातून गेला. एका पावतीपुस्तकाने एवढं नुकसान आमच्या सहकारी संस्थांतसुद्धा झालेलं नाही. त्यामुळे ‘आशीर्वाद फुकट, कागदाचे पैसे’ या वाक्यामागे पाचशे वर्षांचा चटका आहे. ते हसत हसत घेऊ नये.

आणि तरीही मध्यस्थ शिरलेच. रोममध्ये सेंट पीटरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि आसपासच्या गल्ल्यांत जपमाळा, क्रूस आणि पोपचं चित्र असलेले चहाचे कप विकणारी दुकानं आहेत. अनेक वर्षं या दुकानांना चर्मपत्रांच्या मागण्या घ्यायची परवानगी होती. दुकानदार कागद तयार करून घेत, दानाधिकाऱ्याच्या कचेरीतून ठसा आणत आणि गिऱ्हाइकाला देत. धंदा बरा चालला होता. 2014 साली कचेरीने पत्र काढलं की वर्षाअखेरीनंतर हे बंद. 2015 पासून चर्मपत्र फक्त आमच्याकडेच मिळेल. दुकानदार खवळले, आमच्या पोटावर पाय आणता म्हणाले, पण निर्णय बदलला नाही. त्यांची बाजू मला समजते. कुठल्याही तीर्थक्षेत्रात देवापेक्षा देवाच्या दारातल्या दुकानावर जास्त कुटुंबं जगतात. पण मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. दुकानांचा हा धंदा बंद झाला म्हणून तर आत्याबाई दुकानदाराऐवजी माझ्याकडे येऊ लागल्या.

या कागदाच्या पैशाचं पुढे काय होतं हे कळल्यापासून मात्र मी कुरकुर कमी केली आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली कोनराड क्रायेव्स्की या पोलंडच्या धर्मगुरूंना दानाधिकारी नेमलं आणि त्यांना सांगितलं की टेबल विकून टाक, टेबलामागे बसून लोक यायची वाट बघू नकोस. पुढे त्यांना कार्डिनलही केलं. फेब्रुवारी 2015 मध्ये सेंट पीटरच्या चौकातल्या बेर्निनीच्या खांबांच्या आडोशाला बेघरांसाठी न्हाणीघरं सुरू झाली. सोमवारी केस कापायची सोयही, कारण रोमचे न्हावी त्या दिवशी दुकान बंद ठेवतात आणि त्यांच्यातले काही इथे फुकट कात्री चालवायला येतात. आमच्या काकांच्या सुवर्णमहोत्सवातले काही युरो कुणाच्या तरी दाढीवर खर्च झाले असतील, या विचाराने मला का कोण जाणे फार बरं वाटतं.

पण कार्डिनल क्रायेव्स्की यांचा खरा पराक्रम मे 2019 मधला. रोममध्ये एका मोठ्या इमारतीत चारशेहून अधिक माणसं, त्यात कितीतरी लहान मुलं, ताबा घेऊन राहत होती. वीजबिलाची थकबाकी तीन लाख युरोंच्या घरात गेली आणि कंपनीने वीज तोडली. बरेच दिवस अंधार. तेव्हा हे कार्डिनल स्वतः तिथे गेले, भुयारात उतरले, सील तोडलं आणि वीज जोडून दिली. पोपचा उच्चाधिकारी, अंगात तांत्रिक कौशल्य, हातात पकड! तेव्हाचे गृहमंत्री मात्तेओ साल्विनी यांनी टोला हाणला की आता थकबाकीही तेच भरतील अशी आशा आहे. आमच्याकडे ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा काका वाडीतल्या मोटारीकडे बघत बराच वेळ विचारात पडले होते. मग म्हणाले, “म्हणजे आकडा टाकला.” मी म्हटलं, आकडा नाही काका, सील तोडलं. “तेच ते,” काका म्हणाले, आणि त्यांच्या नजरेत चौकटीवरच्या त्या अनोळखी सहीबद्दल पहिल्यांदाच आदर दिसला. पोपची सही नसली तरी चालेल, वायरमनची आहे.

ज्यांना हा सगळा खटाटोप नको त्यांच्यासाठी फुकट मार्ग कायम उघडे आहेत. रविवारी दुपारी बारा वाजता पोप खिडकीत येऊन चौकातल्या सगळ्यांना आशीर्वाद देतात, आणि चौकातल्या सगळ्यांत खिसेकापूही येतात. पोपच्या बुधवारच्या जाहीर भेटीत नवपरिणीत जोडपी लग्नाच्या पोशाखात पुढच्या बाजूला बसू शकतात. आणि सोबत आणलेल्या पवित्र वस्तूंनाही आशीर्वाद पोचतो, घरी असलेल्या नातेवाइकांनाही. हे कळल्यापासून आमच्याकडचे यात्रेकरू बुधवारी चौकात जाताना पिशवी भरून जपमाळा नेतात. एका काकूंनी इतक्या जपमाळा नेल्या की आशीर्वादाच्या वेळी पिशवी वर धरायला शेजारच्या ब्राझीलच्या बाईची मदत घ्यावी लागली. परत आल्यावर त्यांनी त्या वाटल्या, आणि ज्या घरात वाद होता त्या घराला दोन दिल्या.

घरबसल्याही सोय आहे. नाताळ आणि ईस्टरला पोप ‘शहराला आणि जगाला’ जो आशीर्वाद देतात तो आधी रेडिओवरून आणि 1985 पासून टीव्हीवरूनही श्रद्धेने स्वीकारता येतो, अशी अधिकृत तरतूद आहे. मात्र तो त्याच वेळी, थेट पाहायला हवा. मार्च 2020 मध्ये करोनाच्या दिवसांत पोप फ्रान्सिस यांनी रिकाम्या, पावसाने भिजलेल्या चौकात हा आशीर्वाद दिला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. आत्याबाई मोबाइलसमोर गुडघे टेकून बसल्या. पोपनी हात उचलले, आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. हात हवेत, चित्र स्थिर, मध्ये गोल गोल चक्र. दोन मिनिटांनी चित्र हललं तोवर पोप आत निघाले होते. तो आशीर्वाद आत्याबाईंपर्यंत आला की वसईच्या टॉवरपाशी थांबला, यावर घरात आजही दोन मतं आहेत. प्रमुख धर्मगुरूंना विचारलं तर ते म्हणाले, देवाला नेटवर्क लागत नाही. आत्याबाईंचं समाधान झालं नाही. “देवाला नाही लागत, पण मला लागतं ना,” त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्यांचा कागदावरचा विश्वास पक्का झाला.

अर्ज केल्यावर वाट पाहावी लागते. इथे मी घरच्यांना गोन्सालो गार्सिया यांची आठवण करून देतो. हे आमच्या वसईचे. वसईत जन्मले, फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि 1597 साली नागासाकीला क्रुसावर मारले गेले. 1627 साली त्यांना धन्य घोषित केलं, संतपद मिळालं ते 1862 साली. भारतात जन्मलेले पहिले संत. म्हणजे प्राण दिलेल्या वसईकराच्या कागदपत्रांना रोममध्ये 265 वर्षं लागली, आणि तुम्हाला केक कापलेल्या जोडप्याचा कागद पंधरा दिवसांत हवा? हा युक्तिवाद कधीच चालत नाही. संतांची गोष्ट वेगळी, काकू म्हणतात, त्यांना हॉलचं बुकिंग नव्हतं.

हॉलच्या बुकिंगवरून आठवलं, एक जोखीम अशी आहे जी कुणी हिशेबात धरत नाही. 21 एप्रिल 2025 रोजी पोप फ्रान्सिस गेले आणि 8 मे रोजी चौदावे लिओ निवडून आले. मधले सतरा दिवस जगात पोपच नव्हते. अशा वेळी व्हॅटिकनमधले बहुतेक मोठे अधिकारी आपोआप पदमुक्त होतात, पण दानाधिकाऱ्याचं काम चालू राहतं, कारण गरिबाची भूक पोपच्या निवडणुकीसाठी थांबत नाही. पोपचा आशीर्वाद द्यायला मात्र पोप लागतो. त्या सतरा दिवसांत आमच्या ओळखीत एका जोडप्याचा सुवर्णमहोत्सव तोंडावर आला होता. घरात दुःख खरं होतं. आजींनी जपमाळही केली. पण जपमाळ संपताच जावयाने दबक्या आवाजात विचारलं, “मग आता चित्र कुणाचं येणार?” त्या घरात नव्या पोपच्या निवडीची खबर देणाऱ्या सिस्टिन चॅपलच्या धुराड्याकडे जेवढं लक्ष होतं तेवढं कुठल्याच वाहिनीचं नसेल.

शेवटी पार्सल येतं. आमचा पत्ता ‘अमुक आळी, विहिरीसमोर, केळीच्या वाडीच्या मागे’ असा असल्यामुळे रोम ते मुंबई हा प्रवास झटपट होतो आणि वसई स्टेशन ते आमचं घर या टप्प्यात कुरिअरवाल्याचे सहा फोन येतात. मग गुंडाळी उघडायची, चार जणांनी चार कोपरे धरायचे, नावाचं स्पेलिंग तपासायचं, फ्रेमवाल्याकडे न्यायचं. फ्रेमवाला चौकटीचे पैसे कागदापेक्षा जास्त घेतो आणि त्याला कुणी धर्माचा प्रश्न विचारत नाही. मिस्सेच्या शेवटी प्रमुख धर्मगुरू तो वाचून दाखवतात. काका डोळे पुसतात, काकू काकांचे डोळे पुसतात, आणि बँड वाजायला लागतो.

परवाच्या सोहळ्यात हे सगळं झाल्यावर आत्याबाई ताटात इंद्याल घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांना 78 पूर्ण झाली आहेत. यादीतला पुढचा टप्पा 80.

“फॉर्म आत्ताच भरून ठेवता येईल का रे?” त्यांनी विचारलं. “तारीख पुढची टाकून?”

मी म्हटलं, इतक्या आधी नाही घेत आत्या. दोन वर्षं आहेत अजून.

त्यांनी फुगा मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला. “तोवर हेच पोप असतील ना?”

असतील की. धडधाकट आहेत.

“नसले तर विचारून ठेव,” आत्याबाई म्हणाल्या, “मागच्यांचा फोटो टाकून देतात का. ते हसरे होते.”